साडूंची काळजी

माझ्या थोरल्या साडूंइतका काळजीखोर माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. लातूरच्या एका क्लासमध्ये ते बायोलॉजी शिकवत. पेपर पोरांचा असे, ताप यांना चढे. भूकंपानंतर तर रस्त्यावरून ट्रक गेला तरी हातातला घास थांबवून ते तांब्यातल्या पाण्याकडे बघत, आणि पाणी स्थिर झालं की "जेवा आता" म्हणून सगळ्यांना परवानगी देत. आम्ही हसायचो. त्यांची थोरली बहीण, अक्का, मात्र हसत नसे. त्या भूकंपात सासरच्या घराची भिंत तिच्या पाठीवर पडली होती. मणका दुखावला, पाय गेले. तेव्हापासून ती यांच्याकडेच होती.

पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्यांनी कुठंसं वाचलं, की मोठ्या माणसाच्या कातडीची पेशी मागं नेऊन गर्भातल्यासारखी कोवळी करता येते आणि मग तिच्यापासून मज्जातंतूची पेशीसुद्धा घडवता येते. दुसऱ्या दिवशी सगळा अभ्यासक्रम बाजूला ठेवून त्यांनी क्लासमध्ये तेच सांगितलं. "जन्मभर कातडी म्हणून जगलेल्या पेशीला पुन्हा पहिलीत बसवायचं, आन् दुसरंच काहीतरी शिकवायचं." संध्याकाळी एक पालक विचारत आले, "सर, हे पेपरला येतंय का?"

"अजून न्हाई," साडू म्हणाले.

मग नांदेडच्या एका दवाखान्याची जाहिरात दिसली. अशाच पेशींचं इंजेक्शन, लुळा माणूस चालू लागणार. अक्काला नेण्याआधी ते मला घेऊन चौकशीला निघाले. अहमदपूर येईपर्यंत "गुण आला न्हाई तर?" ही काळजी होती, त्यानंतर "आला, तर ती जिना कसा चढंल?" ही सुरू झाली. डॉक्टरांनी बसल्याबसल्या खात्री दिली. साडूंनी हळूच विचारलं, "ह्या पेशी वाढायच्या थांबल्याच न्हाईत आन् गाठ झाली, तर?"

"इतका विचार करून राहिले तर कसं व्हावं, सर?" डॉक्टर हसून म्हणाले.

साडूंनी नमस्कार केला आणि ते उठले.

घरी अक्का दाराकडे तोंड करून बसली होती.

"अजून कच्चं हाय ते, अक्का. थोडं थांबू."

"थांबू की," ती म्हणाली. "तू जेवून घे आधी. तोंड बघ कसं उतरलंय."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा साडूंचा फोन आला. माझी बीपीची गोळी, नातवाची मोटारसायकल, सगळ्यांची काळजी करून झाली. मग म्हणाले, "त्या वक्ताला ती सुई देऊन बघायला पाहिजे होती का हो?"

"नाही. तुम्ही बरोबर केलं."

"हाव," ते म्हणाले. दर खेपेला असंच म्हणतात, आणि पुढच्या फोनला पुन्हा विचारतात.