मुलीच्या तोंडून

नवरा वेगळा राहायला लागला तेव्हा लेकीच्या शाळेनेच मला बहारीनमधल्या अदलिया भागातल्या एका ऑफिसचा पत्ता दिला. घटस्फोट घेणाऱ्या आईबापांना आणि त्यांच्या मुलांना तिथे बसवून बोलतं करतात म्हणे. मला एकच गोष्ट हवी होती. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर. तो रद्द झाला की मला रत्नागिरीला परतायचं होतं, आणि परतताना अकरा वर्षांची लेक बरोबर हवी होती. बाकी त्याचा टीव्ही, सोफा, सगळं गेलं उडत.

तिथल्या मॅडम इथल्याच, बहारीनच्या. अरबी आणि इंग्रजी बोलणाऱ्या. माझं इंग्रजी म्हणजे यस, नो आणि थँक्यू. लेकीने मला सांगितलं, मॅडम पुढच्या आठवड्यात हिंदी बोलणाऱ्या दुभाषी बाईंना बोलावणार आहेत. कुठली बाई? इंडियनच, मनामात राहणारी. झालं! आपल्या माणसांच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार, आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून थेट माझ्या सासरी. मी साफ नाही म्हटलं. माझी मुलगी आहे की, फाडफाड इंग्रजी बोलते.

लहान मुलीला यात घालू नका, असं मॅडम म्हणाल्या, तेही लेकीनेच मला सांगितलं, खाली बघून. मी म्हटलं, लहान कसली, घोडी झालीये! अभिमान होता हो मला तिचा. बँकेत, दवाखान्यात, व्हिसाच्या खिडकीवर तीच तर माझ्यासाठी बोलायची. शेवटी मॅडम म्हणाल्या, बरं, आज फक्त कागदावरची माहिती घेऊ.

पण माझं तोंड! एकदा सुटलं की सुटलं. नाव-गाव सांगता सांगता मी नवऱ्याने ठेवलेल्या त्या बाईवर घसरले. सांग त्यांना, तुझ्या बापाने काय दिवे लावले. सांग, मला कसं ढकललं होतं. सांग, तुझ्या वाढदिवसाला कुठे होता तो मेला. मी चार वाक्यं बोलले की लेक एक बोलायची. मी खेकसले, "सगळं सांग गो, गिळू नकोस." मग तिने सगळं सांगितलं. शेवटी शेवटी तर माझ्यासारखाच आवाज चढवून, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मॅडमनी हात वर करून थांबवलं तेव्हा लेक थरथरत होती. मला वाटलं, एसीचा गारठा.

त्यानंतर तीन-चार वेळा लेक मॅडमकडे एकटी बसली. मी बाहेर खुर्चीवर, दार बंद. टॅक्सीत विचारलं, काय बोललीस, तर "नथिंग, आई." माहूजला आमचं घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायची. माझा जीव नुसता टांगणीला.

मग आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. नवरा समोर, लेक मॅडमच्या शेजारी. या वेळी मॅडमनी मला न विचारताच दुभाषी बाईंना आणलं होतं. माझ्याच वयाच्या, शांत. लेक इंग्रजीत बोलली आणि बाईंनी ते मला हिंदीत सांगितलं. मुलीला बाबांकडे राहायचंय. शाळा इथेच पुरी करायचीय.

मी उसळलेच. "यानेच पढवलंय तिला!"

"मी तिला एक अक्षर विचारलेलं नाही," नवरा म्हणाला. तोही चाट पडला होता. ते खरं आहे हे मला दिसलं, आणि तेच जास्त लागलं.

मी लेकीला विचारलं, "अगो, त्याने काय केलंय ते ठाऊक आहे ना तुला?"

ती मॅडमकडे बघून इंग्रजीतच बोलली. बाई माझी नजर टाळून म्हणाल्या, "कहती है, सब मालूम है. सब मेरे ही मुँह से तो बुलवाया. पापा के घर में मुझे किसी की बात बोलनी नहीं पड़ती."

तिला जवळ घ्यावं, चुकले गो म्हणावं, म्हणून तोंड उघडलं, पण एक शब्द फुटेना. एरवी कुणाला न ऐकणारी मी! मॅडमनी हलकेच काहीतरी विचारलं. बाईंनी ते हिंदीत सांगितलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, आणि समजून घ्यायचं त्राणही उरलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. लेक बाबांकडे राहायला माझी संमती, असं त्यांनी लिहून घेतलं.