दिवसाआड खाणाऱ्या पेशी

माझ्या आतेभावाइतका बांधलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्याला बांधून ठेवलं होतं ते साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींनी. उंदराच्या मेंदूतल्या मूळ पेशी तो एका खासगी प्रयोगशाळेत वाढवायचा. द्रवात तरंगता तरंगता त्यांचे बारीक गोळे होत. गोळा फार वाढला की आतल्या पेशी उपाशी मरतात, म्हणून तो वेळेवर फोडायचा, नव्या बाटलीत लावायचा आणि दिवसाआड खाऊ घालायचा. चार वर्षं यात खंड नाही. दिवाळीला सायखेड्याला गेला तरी ताटावरून उठून परतीची एसटी गाठायचा. "आरं, म्हैस पाळली आसती तर दूध तरी दिलं आसतं," आत्या करवादायची. "म्हैस शेजाऱ्यांवर सोपवता येते गं," हा गंभीरपणे सांगायचा.

भारनियमनात तर कहर झाला. पेशींना सदतीस अंशांची ऊब लागते, आणि तेवढी स्वतःच्या अंगात आयतीच असते हे त्याने हेरलं. वीज गेली की घट्ट बुचाची बाटली बनियनच्या आत! सिन्नरला माझ्या मेहुणीच्या लग्नात तो असाच छाती दाबून, घामाघूम उभा. सासऱ्यांना वाटलं, हार्ट अटॅक. चौघांनी त्याला आडवा केला, बटणं सोडली, तर आतून बाटली निघाली. "दारू हाय का?" एका म्हाताऱ्याने आशेने विचारलं. "मेंदू आहे," हा म्हणाला. त्यानंतर त्याला स्थळं येणं बंद झालं.

मग प्रयोगशाळाच बंद पडली. पेशी फेकून द्या, असा हुकूम आला. याने त्या गोठवल्या आणि दिंडोरीच्या एका गुरांच्या डॉक्टरांकडे, वळूचं रेत ठेवतात त्या द्रव नायट्रोजनच्या पिंपात नेऊन ठेवल्या. "चिठ्ठी नीट लावा हं, नाय तर एखाद्या गायीला द्यायचो," डॉक्टर म्हणाले. दर महिन्याला हा पिंप बघून यायचा. पण एका उन्हाळ्यात डॉक्टर सुटीवर गेले, हा तापाने पडला, आणि नायट्रोजन उडून जाऊन पिंप कोरडं पडलं. सगळं गेलं. डॉक्टरांवर तो चिडलासुद्धा नाही.

परवा रविवारी तो आमच्याकडे आला. "भाऊजी, जेवूनच जा," बायको सवयीने म्हणाली. "थांबतो की, मला कुठे जायचंय," तो म्हणाला. सावकाश जेवला, वर्तमानपत्र दोनदा वाचलं. इतकी वर्षं तो थांबत नाही म्हणून मी त्याच्याशी भांडलो. पण दिवेलागण झाली तरी तो उठेना, तेव्हा त्याला घाईघाईने कुठेतरी पाठवावं असं मला फार वाटलं. पाठवायला जागा सुचली नाही.