सुरेखाने ऐकलेली शिटी

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला दाबली, डोळे मिटले आणि डावा हात वर केला. माझा हात वर गेला की सगळ्यांनी गप्प बसायचं, हे रेवदंड्यापासून नागावपर्यंत गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. इक्बालभाईंच्या अंगणात त्या दिवशी आठ-दहा माणसं होती. सगळी गप्प झाली.

फक्त सुरेखा बोलली. "दामूदादा, ती बारीक शिटी कसली वाजते?"

मी डोळे न उघडता म्हणालो, "डिझेल इंजिन आहे ताई. ते बोलणारच. मला ऐकू दे."

लोक हसले. तीही ओशाळून हसली. या एका वाक्यासाठी मी स्वतःच्या थोबाडीत किती वेळा मारून घेतली, ते माझं मला माहीत.

आता जरा मागचं सांगतो. तीस वर्षं माझं गॅरेज आहे. रिपेअरिंग तर करतोच, पण माझं नाव झालं ते जुनी गाडी पास करण्यात. कुणाला वापरलेली पिकअप घ्यायची असली की मला घेऊन जातात. मी हो म्हटलं तर सौदा, मान हलवली तर परत. लोक मला 'कानवाले दामूभाऊ' म्हणतात. आणि खोटं का बोला, ते ऐकायला मला भारी आवडायचं.

सुरेखा कोळीण आहे, रेवदंड्याची. ओली मासळी आणि सुकट दोन्ही विकते. बंदरावर मासळी घ्यायची आणि पेणच्या बाजारात पोचवायची, हा तिचा धंदा. भाड्याचा टेम्पोवाला त्याला वाटेल तेव्हा यायचा. तोपर्यंत बर्फ विरघळायचा आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. तिचा नवरा किसन आधी बोटीवर होता, कंबर धरल्यापासून ते काम सुटलं. गाडी मात्र छान चालवतो. म्हणून दोघांनी ठरवलं, स्वतःची पिकअप घ्यायची. त्यासाठी तिने गळ्यातलं मोडलं. मला घ्यायला आली तेव्हा नुसती काळी पोत घालून आली होती. मी ते बघितलं होतं.

गाडी विकणारे इक्बालभाई जुन्या व्यापारी घरातले, नारळ-सुपारीचा धंदा. मुलगा आखाती देशात गेला, गाडी चालवायला घरचं कोणी उरलं नाही, म्हणून काढायची होती. ते आधीच म्हणाले, "दामूभाई, माझ्याकडे बघून पास करू नका. बाईची रोजी-रोटी आहे. तुम्ही बोलाल ते मला कबूल."

गाडी खरंच चांगली होती. मी माझ्या नेहमीच्या क्रमाने गेलो. सगळ्यात आधी बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, मालकाने आपण यायच्या आधी चालवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू करताना जे दुखणं दिसतं ते गरम इंजिनात लपतं. हे थंडगार होतं. अर्ध्या चावीत सुरू झालं. ऑइलचं झाकण काढलं, धूर वर आला नाही, म्हणजे पिस्टन-रिंग ठीक. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही. पेडलचं रबर बघितलं. मीटर कमी दाखवत असेल आणि रबर पार गुळगुळीत झालं असेल तर मीटर खोटा. इथे दोन्ही जुळत होतं. मग खाली झोपलो. आपल्याकडे मासळी वाहिलेल्या गाड्यांची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बर्फाच्या खाऱ्या पाण्याने आतून कुजते, हातोडी मारली की पापुद्रे पडतात. ही नारळाची गाडी. ठण्ण वाजली.

एक तपासणी राहिली होती. टर्बोची.

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा छोटा पंखा. तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, भयंकर वेगाने, आणि त्याचा दांडा तेलावर तरंगतो. दांडा झिजला की बारीक शिटी वाजायला लागते. तपासायला काय लागतं? हवेच्या नळीची क्लिप सोडवायची, आत बोट घालून दांडा हलवून बघायचा. दहा मिनिटांचं काम. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे शिकवलंय. पण मी स्वतः ते करणं केव्हाच सोडलं होतं. मला काय गरज? मी कानाने ओळखायचो.

इथे ती गोष्ट सांगायला हवी, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी मी अलिबागला कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो, गुपचूप. कुकरची शिटी मला ऐकू येईना. फोन खिशात वाजायचा आणि समोरचा सांगायचा. डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं आणि एक कागद दिला. त्यावर रेघ होती, डावीकडे वर आणि उजवीकडे उतरत गेलेली. त्या म्हणाल्या, "जाड आवाज तुम्हाला ऐकू येतात. बारीक, उंच आवाज गेले. इतकी वर्षं इंजिनाशेजारी काढलीत ना? हे परत येणार नाही. कानाला मशीन लावा."

मी मशीन लावणार? कानवाला दामूभाऊ? मी कागदाची घडी केली आणि गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये जुन्या गॅस्केटांच्या खाली कोंबला. धंद्यावर गेलो की तस्साच स्क्रूड्रायव्हर लावायचा, डोळे मिटायचे, हात वर करायचा. निम्मं ऐकू यायचं, निम्मं अंदाजाने. सहा महिने निभलं.

त्या अंगणातही तेच केलं. इंजिनाचा घुमणारा जाड आवाज ऐकला, एकसारखा, छान. शिटी मला आलीच नाही. सुरेखाने विचारलं तेव्हा मला शंका आली, हेही खरं. क्षणभर वाटलं, नळी खोलावी. पण आठ-दहा माणसं बघत होती. नळी खोलली तर कुणीतरी म्हणणार, भाऊंना आता बोट घालून बघावं लागतं. म्हणून मी तिलाच गप्प केलं.

"पास," मी म्हणालो. इक्बालभाईंनी खजूर वाटले.

तीन आठवड्यांनी सकाळी किसनचा फोन आला. त्याचा घाबरलेला आवाज मला बरोबर ऐकू आला. "भाऊ, कार्लेखिंडीत हाय. गाडी येडी झाली."

मी मोटरसायकलने पोचलो. गाडी चढावर कडेला तिरकी उभी, रस्त्यावर निळसर धूर अजून रेंगाळत होता. किसन दगडावर बसला होता. त्याने सांगितलं, चढावर इंजिन आपोआप ओरडायला लागलं. पाय काढला तरी रेस कमी होईना. चावी बंद केली तरी बंद होईना. हे असं होतं. टर्बोचा दांडा गेला की त्याचं तेल हवेच्या नळीत घुसतं, आणि डिझेल इंजिन ते तेलच जाळत सुटतं. चावीने डिझेल बंद होतं, तेल कसं बंद होणार? किसनने डोकं चालवलं. टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. इंजिन कोंडून मेलं. मागून भरलेली एसटी येत होती म्हणे.

सुरेखा रस्त्याकडेला होती. मासळीचे क्रेट उतरवून, ताडपत्री पसरून, ती मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना पापलेट दाखवत होती. मिळेल त्या भावाने देत होती. बर्फाचं पाणी उतारावरून वाहत होतं.

मी नळी खोलली. तेल भळभळा बाहेर आलं. बोट घातलं. दांडा पडायला आलेल्या दातासारखा लटलट हलत होता.

सुरेखा मागे येऊन उभी राहिली. "दादा, मी बोलले व्हते ना तुला. शिटी वाजते."

आणि मी काय म्हणालो? "टर्बोचं सांगता येत नाही ताई. जातो एकदम."

"मंग इक्बालभाईनं फसवलं आमाला," ती म्हणाली. "आता जाते त्याच्या दारात. गावासमोर इचारते."

मी पान्हा पुसत बसलो. लाज वाटायची वेळ खरी ही होती. कान गेला हा काही गुन्हा नाही. पण एका सरळ माणसावर आळ जाताना मी तोंड शिवून बसलो.

दुपारी गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. मागोमाग सुरेखा आणि किसन. अर्ध्या तासात इक्बालभाई स्वतः आले, तिने येताना वाटेत त्यांच्या दारात तमाशा केला होता म्हणून. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दामूभाई," ते खुर्चीत बसत म्हणाले, "शिटी तर दोन महिन्यांपासून होती. मला वाटलं, तुम्ही ऐकली. ताईंनी विचारलं तेव्हा तुम्ही बोललात काही नाही. तुम्ही बोललात म्हणजे काही नसेलच. म्हणून मी गप्प बसलो. अल्लाह जाणतो, फसवायचं मनात नव्हतं. खर्चाला मी आहे."

"आता गोड बोलतो!" सुरेखा उसळली. "लबाडा!"

सत्तरीचा माणूस. मान खाली घालून ऐकून घेत होता. माझ्याच्याने बघवेना. मी उठलो, ड्रॉवर ओढला, गॅस्केटांखालचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?" सुरेखाने विचारलं.

"माझे कान," मी म्हणालो.

आणि मग सगळं सांगितलं. रेघ कुठून उतरते, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, नळी का खोलली नाही. सांगताना मी किसनकडे बघू शकलो नाही. ती एसटी डोळ्यापुढून हलत नव्हती.

सुरेखाने कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तेवा सांगायला काय तोंड न्हवतं तुला? मना आयकू येत व्हतं. इतकंच बोलायचं व्हतं, की सुरेखा, मना न्हाय येत, तू आयक."

ती इक्बालभाईंकडे वळली, हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं माझं." तिचं चुकलं नव्हतं. त्यांनीही हात जोडले, आणि दोघांपैकी कुणीच मला आणखी काही सुनावलं नाही. तो दोघांचाही मोठेपणा होता आणि मला तो शिवीपेक्षा जास्त लागला.

इंजिन मी पूर्ण उतरवलं. पिस्टन, बेअरिंग, नवा टर्बो. खर्च माझा, इक्बालभाईंना हात लावू दिला नाही. तोपर्यंत रोज पहाटे माझ्या गॅरेजच्या व्हॅनमधून तिची मासळी पेणला नेली. क्रेटही मीच उचलायचो. बंदरावर लोक विचारायचे, "काय दामूभाऊ, धंदा बदलला?" मी खरं सांगायचो. पहिल्या दिवशी जीभ जड झाली, चौथ्या दिवशी नाही. सुरेखा आठवडाभर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मग एकदा खिंड ओलांडताना तिने पुढ्यातल्या डब्यातला भाकरीचा तुकडा नि सुकटीची चटणी माझ्याकडे सरकवली. तेवढंच.

गाडी तयार झाली. इंजिन सुरू करून सवयीने मी स्क्रूड्रायव्हर उचलला. सुरेखाने तो माझ्या हातातून काढून घेतला, टोक इंजिनाला टेकवून मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डावा हात वर केला. आम्ही सगळे गप्प.

"न्हाय वाजत," ती म्हणाली. तेव्हा कुठे मी बॉनेट लावलं.

आता मी जुनी गाडी बघायला गेलो की आधी नळी खोलतो. बोट घालतो. मग घेणाऱ्याला विचारतो, "तुम्हाला काय ऐकू येतंय?" कान कितीही चांगला असो, नळी खोलायला दहा मिनिटं लागतात, आणि ती वाचवायची नसतात. काही लोक आता मला नेत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

कानाचं मशीनही लावलं. गेल्या महिन्यात नागावच्या एका होमस्टेवाल्याची पिकअप सर्व्हिसिंगला आली. मी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत होतो. कारागिराने रेस दिली आणि मला शिटी ऐकू आली. बारीक, धारदार, थेट डोक्यात घुसणारी. मी विचारलं, "टर्बो गेलाय ना रे?" तो म्हणाला, "हो भाऊ, किती वाजतोय बघा."

चहाचा कप हातातच राहिला. एवढी मोठी असते ती शिटी. सुरेखा तर त्या दिवशी गाडीपासून दोन हातांवर उभी होती, आणि मी तिला म्हणालो होतो, मला ऐकू दे.