घाणीवर टिकलेलं इंजिन

अर्धांगाचा झटका आल्यापासून आमच्या ह्यांना एकच शब्द बोलता येतो, तो म्हणजे "न्हाई". भाकरी वाढली की न्हाई, अंघोळीचं पाणी काढलं की न्हाई, गोळी हातावर ठेवली की न्हाई, आणि लगेच गोळी तोंडात. कुठला न्हाई खरा आणि कुठला नुसताच, हे ओळखायला मी हळूहळू शिकले.

निरगुडसरला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांची जुनी डिझेल गाडी तेव्हापासून उभीच होती. तिच्या स्टिअरिंगला ह्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. ट्रॅक्टर चालवलेला चालायचा, कारण ट्रॅक्टर शेतात असतो. गाडी चारचौघांत जाते ना! आता ह्यांना व्यायामासाठी नारायणगावला न्यायचं, तर दर खेपेला धाकट्या दिराचं तोंड बघायचं. माणूस वाईट नाही, पण त्याला वेळ नसला की आमचा व्यायाम बुडाला, आणि व्यायाम बुडाला की ह्यांचा उजवा हात पुन्हा लाकूड. मला ते सहन होईना. मी गुपचूप मंचरला जाऊन ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं आणि मग घरात सांगितलं, गाडी मी काढणार.

"वहिनी, भंगारवाला रविवारी येतोय," दीर म्हणाला. "सांगून ठिवलंय मी त्याला."

"मग रविवारच्या आत ती चालती करते."

त्याने शेडमध्ये जाऊन बॉनेट उघडलं, ऑईल मोजायची पट्टी ओढून बोटावर पुसली. बोट काळंकुट्ट. "बदलायचं तर नुसतं ऑईल बदला. आतनं धुवायच्या भानगडीत पडू नका. लई जुनं इंजिन हाय, त्या घाणीवरच टिकलंय. घाण निघाली की जागोजाग गळंल."

"गळू द्या, भाऊजी. खाली घमेलं लावीन."

माझं डोकंच फिरलं होतं. या घरात कशाला हात लावायला गेलं की हेच ऐकत आले मी: चाललंय ना, मग कशाला उकरता? म्हटलं, बघूच काय कशावर टिकलंय ते.

बॅटरी चार्ज करून आणली. गाडी सुरू करून पुढची चाकं ओंडक्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन चांगलं तापू दिलं आणि बंद केलं. ह्यांना खाटेवर शेजारी बसवलं आणि लुगड्याचा काचा मारून गाडीखाली शिरले. इतकी वर्षं हे गाडी दुरुस्त करायचे तेव्हा हातात पाने देता देता सगळं पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं. ऑईल सोडायच्या बोल्टला पाना लावून जोर केला, तशी ह्यांची काठी जमिनीवर आपटली.

"न्हाई!"

खरा न्हाई. उताणी पडून मी बोल्ट उलटा फिरवत होते, सैल व्हायच्या ऐवजी आवळला जात होता. दुसरीकडे जोर केला. काठी गप्प. डांबरासारखं गरम ऑईल घमेल्यात पडायला लागलं.

मग बोल्ट लावला, ट्रॅक्टरच्या कॅनमधलं डिझेल थोड्या साध्या ऑईलमध्ये मिसळून आत ओतलं आणि इंजिन सुरू केलं. लवकर धुऊन निघावं म्हणून ॲक्सिलेटर दाबला मात्र, ह्यांचा न्हाई असा आला की पाय आपोआप उचलला. पातळ डिझेलवर इंजिन पळवलं असतं तर भंगारवाल्याचंच काम केलं असतं मी. मग मंदच चालू ठेवलं, थोड्या वेळाने बंद करून आतलं सगळं खाली सोडून दिलं. काळं पाणी आलं. पुन्हा भरलं, पुन्हा काळंच. आणखी एकदा. कंबर मोडली, पण सोडलं नाही. शेवटी धार तपकिरी झाली. ती निथळेपर्यंत भाकऱ्या थापून आले, मग नवा फिल्टर बसवला, नवं ऑईल घातलं. जुनं ऑईल गोठ्याच्या खांबांना फासायला ठेवलं, वाळवी लागत नाही.

सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग होता.

"सांगितलं व्हतं ना?" दीर म्हणाला.

"आपल्या मोरीची तोटी याच्याहून जास्त गळते. तिला कुणी भंगारात घातलं नाही अजून."

त्याला हसू आवरेना. हसत हसतच त्याने भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

मी गाडी अंगणात काढली. आवाज स्वच्छ, एकसारखा. हे काठी टेकत आले ते सवयीने थेट ड्रायव्हरच्या दारापाशी. मी आत बसलेली. आता न्हाई म्हणतील, म्हणून उत्तर जुळवून ठेवलं होतं मी, चांगलं झणझणीत. ते स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत राहिले. नखांत अजून काळं होतं. मग वळले आणि एकेक पाऊल टाकत, बॉनेटला वळसा घालून डाव्या दाराशी गेले.

मी वाकून आतून दार उघडायला गेले.

"न्हाई," ते म्हणाले. काठी डाव्या हातात होती. त्यांनी उजवा हात उचलला, बोटं दाराच्या मुठीत कशीबशी अडकवली आणि दार स्वतः ओढून उघडलं.