साहेबांसाठी साफ केलेला कोपरा

मी शाळेत पोचलो तेव्हा शेवटची बोर आडवी पडत होती.

"थांब!" मी ओरडलो.

"हेडमास्तरांनीच सांगितलंया की," गावचा कोतवाल म्हणाला. "उद्या दिपोटी येनार हाय न्हवं?"

दिपोटी म्हणजे डेप्युटी साहेब, शाळा तपासणारे अधिकारी. मोहोळजवळच्या आमच्या लोकल बोर्डाच्या शाळेत वर्षातून एकदा इन्स्पेक्शन व्हायचं. त्याआधी भिंतींना चुना, अंगणाला शेण, पोरांच्या डोक्याला तेल. ते सगळं ठीक. पण कोपऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

तो कोपरा माझ्या चौथीच्या वर्गानं तीन वर्षं राखला होता. सगळी आमच्या माळावरचीच झाडं: बोर, तरवड, रुई, खाली मारवेल गवत. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला गेलेलं असतानाही पोरं घरून तांब्याभर पाणी आणायची. मग रुईवर पट्टेरी अळ्या आल्या, त्यांची फुलपाखरं झाली. गवतात लावे शिरले. निसर्गपाठ, म्हणजे पुस्तक मिटून डोळ्यांनी शिकायचा तास, मी तिथंच घ्यायचो. त्या आठवड्यात बोरीत होल्याचं घरटं होतं. त्यात दोन अंडी. पोरं लांबूनच बघायची, कुणी हात लावत नसे.

मी तडक हेडमास्तरांकडे गेलो. माझं डोकं तापलं होतं.

"निदान मला विचारायचं तरी!"

"मास्तर, काटेकुटे म्हणजे बाग नव्हे. साहेबांच्या पायाशी साप निघाला तर? कुंड्या मागवल्यात मी."

संध्याकाळी मोहोळच्या एका वकिलांकडून बैलगाडीतून क्रोटनच्या आठ कुंड्या आल्या. साहेब गेले की त्याच गाडीतून परत जायच्या होत्या. बागसुद्धा उसनी! आणि कोपऱ्यातली मुळंही तोवर खणून झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कुंड्या पाहून मान डोलावली. मग चौथीत आले.

"निसर्गपाठ कुठं घेता?"

"या कुंड्यांपाशीच, साहेब," हेडमास्तर माझ्याआधी बोलले.

पहिल्या रांगेतली गंगू उठून उभी राहिली. "न्हाय साहेब. तितं कोपऱ्यात घ्यायचं. काल तोडलं, तुमी येनार म्हनून. होल्याची अंडी फुटली की."

साहेबांनी खिडकीतून उकरलेल्या जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हेडमास्तरांची हजेरी घेतात. पण ते तडक ऑफिसात गेले. तिथं त्यांनी शेरेबुकात लिहिलं: "आवार अत्यंत स्वच्छ. चौथीच्या निसर्गपाठास साधनांचा अभाव. वर्गशिक्षकाने लक्ष द्यावे."

पहिलं वाक्य हेडमास्तरांच्या पदरात पडलं, बाकीची माझ्या. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्यानंतर मी तीन शाळा केल्या. तिन्हीत माळावरचीच झाडं लावली. इन्स्पेक्शनची तारीख कळली की आदल्या दिवशी उजाडायच्या आत बोरीखाली खुर्ची टाकायची आणि दिवसभर उठायचं नाही, एवढं मात्र मी शिकलो.