खिडक्या मी बंद केल्या

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी साच्यात रेझीन, म्हणजे पातळ प्लास्टिक, ओतत होते. ते काही मिनिटांत घट्ट होतं, अर्धवट सोडता येत नाही. फोन खांद्यानं कानाशी दाबून मी साचा पूर्ण भरला आणि मग खुर्चीत बसले…

मिलिंद भाजे गावचा, माझा शाळेतला वर्गमित्र. एका कारखान्यात साचे करण्यात त्याची वीस वर्षं गेली. नोकरी सुटल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की लहानपणी टीव्हीला जोडून आम्ही जी गेम खेळायचो, तिच्यातली पात्रं खेळण्यांच्या रूपात करायची. तीही त्याच काळातल्या खेळण्यांसारखी: मान, खांदे आणि मांड्या एवढंच हलणार, मागे रंगीत पुठ्ठा. गेमच्या मालकांनी परवानगी दिली. लोणावळ्यात कुरवंड्याच्या रस्त्याला आम्ही एक खोली घेतली. तो कोरायचा, घासायचा. मी ओतायचे, पाठवायचे. गेममधला पहारेकरी पडद्यावर म्हणजे थोडेसे चौकोन, त्याला चेहराच नव्हता. मिलिंद आठवडाभर त्याच्या नाकाशी झटापट करत होता. शेवटी म्हणाला, "नाक दिलं की हा आपला राहत नाही गं." दोन चौकोनी डोळ्यांवर त्यानं काम थांबवलं. ते बरोबर होतं.

मग लोणावळ्याचा पावसाळा आला. रेझीनला ओल चालत नाही. धुकं खोलीत शिरायचं आणि साच्यातून बाहेर यायचं ते भोकाभोकांचं अंग. "हा पहारेकरी आहे का धिरडं?" मिलिंद म्हणाला. खिडक्या बंद करायची कल्पना माझी. फटींना चिकटपट्टीही मीच लावली, पंख्याचं भोक पुठ्ठ्यानं बुजवलं. माल एकदम गुळगुळीत यायला लागला आणि आम्ही खूश झालो. दोन पावसाळे असेच काढले. वास डोक्यात चढायचा, घासलेली पांढरी पूड हवेत तरंगत राहायची. मास्क आणले होते, पण मास्कनं मिलिंदचा चष्मा धुरकट व्हायचा. "तोंड बांधून डोळे कसे कोरू?" असं म्हणून तो मास्क गळ्यात अडकवायचा. मग मीही काढायचे.

खोकला लागला तेव्हा त्याला मीच दवाखान्यात पाठवलं. परत आल्यावर हसत सांगत होता, "काय काम करता विचारलं. खेळणी करतो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, मजा आहे तुमची!" पुढचं कुणी विचारलं नाही, यानंही सांगितलं नाही. पुढे मोठ्या इस्पितळात कळलं, की फुप्फुसं कडक झाली आहेत. नेमकी कशानं, ते तिथंही कुणी छातीठोक सांगेना.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्याच्या नावानं बुद्धवंदना होती तेव्हा, भाज्याला गेले. त्याच्या आईनं मला जवळ बसवलं. मी बोलता बोलता दोनदा खोकले. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पोरी, तूबी त्याच खोलीत बसायचीस न्हवं?"

"हो, मावशी."

"मग आधी सवताचं बघ. लय उशीर केला त्यानं."

खिडक्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. धीर झाला नाही.

मला कोरडा खोकला आहे. भाजे लेण्यांच्या पायऱ्या मी एका दमात चढायचे, आता निम्म्यावर बसावं लागतं. छातीचा स्कॅन झाला आहे, अहवाल सोमवारी मिळेल. या वेळी डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, रेझीनच्या डब्यावरचा कागदही दाखवला. घरी मात्र अजून कुणाला बोललेले नाही.

खोली तशीच आहे. टेबलावर पुडीचा पातळ थर आहे आणि मिलिंद जिथे हात टेकवून कोरायचा तिथे त्याच्या कोपरांचे दोन ठसे आहेत. कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी फडकं भिजवते, मास्क घट्ट बांधते, कुलूप काढते… आणि दारातच श्वास रोखून उभी राहते. या हवेत कापड वाळायला दोन-दोन दिवस लागतात. माझं फडकं काही न पुसताच तिसऱ्यांदा वाळलं.