बुटक्या बॉक्सरचा पक्ष घेतला तो दिवस

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर हसताना ठसका लागायचा आणि दोष पुन्हा माझ्यावर यायचा. दोष काय कमी आहेत का माझ्या नावावर?

तेव्हा मी सुरतेत पांडेसऱ्याच्या बाजूला एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवायचो. सव्वीस वर्षांचा होतो आणि लग्नाची दोन स्थळं मोडलेली होती. अशात गावाहून थोरल्या भावाचं पत्र आलं. 'मुलीचे वडील रविवारी सुरतेला येताहेत. त्यांच्या थोरल्या जावयाचा हात फार चालतो. म्हणून या वेळी ते पैसा-अडका बघणार नाहीत, पोराचा स्वभाव बघणार आहेत. नीट राहा.'

मी रविवारसाठी सदरा इस्त्री करून ठेवला. स्वभावही रविवारसाठीच ठेवला होता म्हणा ना.

आता त्या दिवसांत आमच्यात एकच वाद पेटलेला. जगात एक बॉक्सर असा माजला होता की त्याच्यापुढे कोणी टिकत नव्हतं. त्याला आव्हान देणारे दोघे, एक लांब हातवाला, एक बुटका. त्याला पाडणार कोण? आमच्यातल्या कुणीही बॉक्सिंग डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझा सगळा अभ्यास भजी बांधून आलेल्या एका वर्तमानपत्राच्या तुकड्यावर होता. त्यातही निम्मी बातमी तेलाने खाल्लेली. पण इतरांनी तेवढीही वाचलेली नव्हती, त्यामुळे मी जाणकार.

माझ्या शेजारच्या मागावरचा उखा लांब हातवाल्या बॉक्सरच्या बाजूचा. मी बुटक्याच्या बाजूचा.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, हा वाद पुन्हा निघाला. मागांच्या खडखडाटात दिवसभर हातवारे करूनच बोलावं लागतं, त्यामुळे बाहेर आल्यावरही आमचे हात काही थांबत नाहीत. लारीवाला म्हणाला, "धीमे भाई, कप फूटशे."

"मनं ऐक," उखा म्हणाला, "त्याले लांब हातवालाच पाडी. बुटका त्याच्या तोंडालोंग पोचाव नही."

"तोंडापर्यंत जायचंय कुणाला?" मी म्हटलं. "मान घालून आत शिरायचं आणि पोटात द्यायचा."

"दखाड मग."

दाखवायला चॅम्पियन पाहिजे. बाकड्यावर एक पाहुणे शांतपणे बशीतून चहा पीत बसले होते. धोतर, पांढरी टोपी, वय पन्नाशीचं, आणि उंची अशी की लारीचं छप्पर डोक्याला लागावं.

मी म्हटलं, "आप्पा, दोन मिनिटं उभे राहता का? तुमची उंची बरोबर चॅम्पियनएवढी आहे."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मला काय करायचं आहे?"

"काही नाही, नुसतं उभं राहायचं. तुम्ही हरणार आहात."

"बरं," म्हणाले. भला माणूस. टोपी काढून नीट घडी करून खिशात ठेवली. त्या घडीवरूनच मला कळायला हवं होतं. पण जाणकार माणसाला कळतं कुठे?

मी मुठी आवळल्या, मान घातली आणि आत शिरलो. पुढचं मला उखाने नंतर सांगितलं. आप्पांनी एक हात माझ्या मानेवर ठेवला, एक पाय माझ्या पायात घातला आणि मी लारीखाली गेलो. कप फुटला. चहा माझ्या सदऱ्यावर.

"लागलं का रे बाळा?" त्यांनी मला बखोटीला धरून उभं केलं. "तरुणपणी आखाड्यात जायचो. मानेवर हात गेला की अंग ऐकत नाही."

मी म्हटलं, "नाही लागलं." लागलं होतं.

त्यांनी टोपी घातली, उरलेला चहा संपवला आणि उखाला विचारलं, "इथे भिकन म्हणून एक पोरगा आहे ना? स्वभावाने कसा आहे?"

 उखाने नुसतं बोट माझ्याकडे केलं.

आमच्याकडे मुलीचा बाप सांगितलेल्या दिवशी कधीच येत नाही. दोन-तीन दिवस आधी गुपचूप येतो, चहावाल्याला, शेजाऱ्याला विचारून जातो. माझ्या बहिणीच्या वेळी मी स्वतः हेच केलं होतं. तरी ते माझ्या लक्षात आलं नाही. जो माणूस हात उचलणारा जावई नको म्हणून एवढ्या लांब आला, त्याच्याच पोटात मी ठोसा मारायला निघालो होतो.

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "बरं" म्हणाले आणि गेले. रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून संध्याकाळपर्यंत बसलो. कुणी आलं नाही. खरं सांगतो, जेवण गेलं नाही मला.

आठ दिवसांनी भावाचं पत्र आलं. लग्न ठरलं होतं. मी ते तीनदा वाचलं. खाली भावाने आप्पांचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते.

'पोरगा बडबड्या आहे, पण काळजी नाही. उद्या त्याने हात उचललाच, तर आमची पोरगी एकटी पुरे.'